डाव्या चाकातली चकती

मी बोलतेय पुढच्या डाव्या चाकातून. ओळख पटली नाही ना? साहजिक आहे. गाडी घेताना लोक रंग बघतात, सीट दाबून बघतात, दार आपटून बघतात, डिकीत किती बॅगा मावतील त्याचा अंदाज घेतात. चाकाच्या आत वाकून कुणी बघत नाही.

मी ब्रेकची चकती. जेवणाच्या ताटाहून थोडी लहान, बिडाची, वजनाला पाच-सहा किलो. चाकाबरोबर गरगर फिरायचं आणि ब्रेकवर पाय पडला की दोन्ही बाजूंच्या पॅडनी आवळून घ्यायचं, हा माझा धंदा. धंदा म्हणते, कारण माझी सगळी हयात एका दुकानदाराच्या गाडीत गेली. त्यामुळे बोलायची सवय लागली, आणि मुद्द्यावर यायच्या आधी दोन गोष्टी जास्त सांगायचीही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं बीड साच्यात पडलं, गार झालं, मग लेथवर चढवून मला घासूनपुसून गुळगुळीत केलं. जन्मताना माझी जाडी बावीस मिलिमीटर होती, आणि कडेवर ठसा मारला होता : कमीत कमी वीस. माणसाच्या कपाळी काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नाही म्हणतात. माझं मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं. वीसच्या खाली गेले की माझी भंगारात रवानगी.

स्पेअर पार्टच्या दुकानात मी आणि माझी जुळी बहीण एकाच खोक्यात पडून होतो. एके दिवशी काका आले. आखूड बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आल्या आल्या दुकानदाराच्या तब्येतीची, मुलांच्या शाळेची, गळक्या छपराची चौकशी. मग त्यांनी मला हातात घेतलं आणि काठावर नखानं टिचकी मारली.

दुकानदार हसला. "काका, ही कपबशी नाही हो!"

"भट्टीतून निघालेलंच ना? मग तडा गेला असेल तर आवाज सांगतो," काका म्हणाले. बहिणीलाही टिचकी मारली, मान हलवली, आणि आम्हाला घेऊन गेले. मी पुढच्या डाव्या चाकात बसले, बहीण उजव्या.

काकांचा धंदा कपबशांचा. त्यांना गावात कपबशीकाका याच नावानं ओळखत. डोंगरावर भट्ट्या होत्या, तिथून माल उचलायचा आणि खाली हॉटेलांना, कचेऱ्यांना, घरांना पुरवायचा. मोठा माल टेम्पोनं यायचा. पण नाजूक सेट, सोनेरी काठाचे, पातळ कानाचे, ते काका स्वतःच्या गाडीतून आणायचे. गाडी जुनी, पण हात असा सफाईदार की डिकीतला कप शेजारच्या कपाला विचारत असेल, निघालो का रे आपण?

एका हॉटेलवाल्याला हे पटेना. "वाटेत फुटलेले कप माझ्या गळ्यात माराल," म्हणाला. काकांनी काय करावं? त्याला गाडीत बसवलं, हातात काठोकाठ पाण्यानं भरलेला कप दिला आणि सगळ्या बाजारातून चक्कर मारली. आठ ठिकाणी थांबले. परत आल्यावर हॉटेलवाल्याची पँट बघितली, कोरडी. दीडशे कपांची ऑर्डर तिथल्या तिथे. काका घरी जाऊन सांगत सुटले की हे माझ्या जिभेचं काम. जिभेचं काम असेल थोडं; पण आठ वेळा आवळून घेतलं ते मी आणि बहिणीनं.

सहा वर्षं अशी मजेत गेली. मग मी बिघडले. कशानं बिघडले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण कुणी माझे हाल केले नव्हते. उलट जपणंच चाललं होतं.

भट्ट्यांकडून खाली येणारा रस्ता चांगला नऊ किलोमीटर उताराचा. इतर लोक अशा वेळी खालचा गिअर टाकतात, मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि आम्हाला श्वास मिळतो. काकांना ते नको असायचं. गिअर बदलला की गाडीला हिसका बसतो, आणि हिसका बसला की कपाचा कान जातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वरच्या गिअरमध्येच गाडी सोडायची आणि ब्रेकवर पाय असा हलका, लोण्यावर ठेवल्यासारखा, वरपासून खालपर्यंत ठेवायचा. गाडीला हिसका नाही, कपाला धक्का नाही. पॅड मात्र नऊ किलोमीटर आमच्या अंगाला घासत असत. तळाला पोचेपर्यंत आम्ही तव्यासारख्या तापलेल्या.

आणि तळाला होता नळ. "गिऱ्हाइकाच्या दारात मळकी गाडी नेली तर त्याला आपले कपही मळके वाटतात," हे काकांचं शास्त्र. बादली भरायची आणि पहिलं पाणी चाकांवर. चर्रर्र! वाफ उठायची. काका खूश, चाकं किती तापलेली होती, बरं झालं गार केली.

बरं कसलं? अंगावर एका जागी पाणी, दुसरी जागा कोरडी. एक बाजू आक्रसली, एक तशीच. त्यात बाजाराच्या तोंडाशी चढावर रांग लागली की काका तापल्या पॅडनं मला गच्च धरून उभे राहणार. धरलेल्या जागी पॅडचा थर माझ्या अंगाला चिकटायचा. पुढच्या खेपेला तीच जागा जास्त घासायची, जास्त तापायची, जास्त चिकटायची. असं करता करता माझं अंग कुठे जाड, कुठे बारीक झालं. फरक किती? केसाएवढा. पण मी मिनिटाला शेकडो वेळा फिरते हो. केस शेकडो वेळा टोचला की त्याची सुई होते.

मग एके दिवशी ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरलं.

पहिल्यांदा काकांना वाटलं, रस्ता खराब आहे. दुसऱ्यांदा वाटलं, हवा कमी आहे. हवा भरून घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि आपल्या हातांकडे बघत बसले. वय अडुसष्ट. वडिलांचे हात शेवटी शेवटी असेच कापायचे. त्यांनी तळवे पालथे केले, सुलटे केले, आणि गाडी सुरू केली.

आणखी एक गंमत सांगते. गाडीत बसलं की माणसं घरात न बोललेलं बोलतात. समोर रस्ता असतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. म्हणून मला या घरातलं सगळं ठाऊक. काकू शेजारी बसल्या होत्या, सिग्नलला गाडी थांबताना म्हणाल्या, "अहो, हात किती कापतायत तुमचे."

"कापत नाहीत. थंडी आहे."

"घाम आलाय तुम्हाला."

"मग घाम आल्यामुळे थंडी वाजतेय. किती चौकशा करतेस!"

मी ओरडत होते, की अहो, हे हात नाहीत, ही मी आहे! पण थरथरणं हीच माझी भाषा, आणि ती ज्यानं त्यानं आपल्या भीतीप्रमाणे वाचली. दुसरं कुणी गाडी चालवत असतं तर पहिल्या दिवशीच उलगडा झाला असता. पण काका गाडीची किल्ली कुणाला देत नसत. "कपांची गाडी आहे, जाऊ दे," म्हणत आणि किल्ली खिशात टाकत.

भीतीचं एक असतं. ती एकदा हातात शिरली की गाडीपुरती राहत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला चहा ओतून द्यायचा मान काका कुणाला देत नसत. आता म्हणू लागले, तूच ओत. सही करताना दुसऱ्या हातानं मनगट धरू लागले. कप पुसायचे ते टेबलावर ठेवून. काकू हे सगळं बघत होत्या.

शेवटी एका सकाळी उताराच्या तळाशी एक कुत्रं आडवं आलं. काकांनी ब्रेक दाबला. मी आणि बहीण दोघी मिळून अशा थडथडलो की डिकीत किणकिणाट झाला. कुत्रं वाचलं. चहादाणीची तोटी गेली. गाडीतून कप आणायच्या बावीस वर्षांतलं पहिलं नुकसान. त्या दिवशी काकांनी चाकांवर पाणीसुद्धा मारलं नाही. घरी येऊन किल्ली टेबलावर ठेवली.

त्यांची लेक शेजारच्या पेठेत राहते, शाळेत गणित शिकवते. तोंडानं फटकळ. गेले सहा महिने तिचं चालूच होतं : बाबा, आता पुरे, कुणाच्या अंगावर जाईल, तुमचं काही होईल. त्या दिवशी मात्र ती भांडायच्या तयारीनं आली आणि भांडायला समोर कुणी नव्हतंच.

"विकून टाक," काका म्हणाले. "हात गेले माझे."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण ती अंगणात येऊन गाडीला टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. माझ्या चाकाला तिच्या साडीचा काठ लागत होता. रडली की नाही ते मला दिसलं नाही. नाक ओढल्याचा आवाज मात्र आला.

गिऱ्हाईक मिळालं. रविवारी येतो म्हणाला. शनिवारी लेक गाडी धुवून आणायला स्वतः निघाली. काकांनी पहिल्यांदाच तिच्या हातात किल्ली दिली. "दुसऱ्या गिअरला जरा जोर लागतो," एवढंच म्हणाले.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. ती चांगला वेग घेऊन निघाली होती, तोच पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. तिनं ब्रेक दाबला, आणि मी माझी सगळी भाषा तिच्या हातात ओतली.

स्टेअरिंग नाचलं. ती दचकली. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर पुन्हा वेग घेतला, पुन्हा ब्रेक. थडथडथड. तिसऱ्यांदा एक हात सोडून बघितलं, थडथड तीच. गणिताची बाई! गाडी बाजूला घेऊन मोठ्यानं म्हणाली, "आणि माझे हात कधीपासून म्हातारे झाले?"

धुण्याचं राहिलं बाजूला. गाडी थेट उस्तादांच्या गॅरेजात.

उस्ताद म्हणजे जाडजूड मिशांचा, कानावर पेन्सिल ठेवणारा माणूस. बोलतो जास्त, पण हात त्याहून जास्त चालतो. चाक काढलं, माझ्यावरून बोट फिरवलं, आणि शेजारी एक घड्याळासारखी तबकडी लावली. तिचं टोक माझ्या अंगाला टेकवलं आणि मला हातानं हळूहळू फिरवलं. तबकडीचा काटा पुढे जायचा, मागे यायचा, पुढे जायचा.

"ताई, बघा. ही कुठून सरळ आहे? काटा एका जागी राहायला हवा होता."

"म्हणजे बाबांचे हात..."

"हातांचं मला काय माहीत? गाडी मी सांगतो. गाडीत दोष आहे."

तिनं तिथूनच फोन केला. काका आले ते चालत, धापा टाकत, चपलेचा अंगठा निसटलेला. उस्तादांनी त्यांच्यापुढेच मला पुन्हा फिरवलं. काका काट्याकडे बघत राहिले. पुढे, मागे, पुढे. मला वाटलं आता खूश होतील. पण माणूस इतके महिने एक ओझं घेऊन चालला की ते एकदम खाली ठेवायलाही घाबरतो.

"नक्की?" ते म्हणाले. "की माझं मन राखायला सांगतोयस?"

"काका, मन राखायला मी काय तुमचा जावई आहे?" उस्ताद म्हणाले. "बरं, मला सांगा, उताराला कसे येता?"

काकांनी अभिमानानं सगळं सांगितलं. वरचा गिअर, लोण्यावरचा पाय, नळ, बादली. उस्तादांनी ऐकता ऐकता कपाळावर हात मारला.

"तापल्या चाकावर पाणी? तुम्ही भट्टीतून काढलेल्या गरम कपावर गार पाणी ओतता का हो?"

"वेडा आहेस का? तडकेल तो!"

काका माझ्याकडे बघत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा नीट बघत होते.

"म्हणजे मी जपलं म्हणून बिघडलं?"

"कपांना जपलंत. हिला भाजलंत."

लेक हसायला लागली ती थांबेना. काका आधी रागावले, मग तेही हसले. उस्ताद मात्र लगेच पुढच्या कामाला लागले, आणि त्यानंतरची पाच मिनिटं माझ्या जिवावरची होती. त्यांनी मायक्रोमीटर काढून माझी जाडी आठ जागी मोजली. सगळ्यात बारीक जागी एकवीस पूर्णांक दोन. बहीण एकवीस पूर्णांक तीन. खोल चीर कुठे नाही. लेथवर घासून सरळ केल्या तरी दोघी वीसच्या चांगल्या वर राहणार होतो.

"वीसच्या खाली जाणार असत्या तर नव्या टाकायला सांगितलं असतं, ऐकून घेतलं नसतं," उस्ताद म्हणाले. "आता जगतील. पण दोघींना एकदमच घासायचं. एकीला घासून एकीला सोडलं तर गाडी एका अंगाला ओढेल."

लेथवर माझ्या अंगावरून बारीक बारीक पापुद्रे निघाले. दुखलं का विचारता? न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा. हलकं वाटलं. तोवर उस्ताद मी जिथे बसते तो हब तारेच्या ब्रशनं घासत होते. तिथे गंजाची खपली होती. ती तशीच ठेवली असती तर सरळ केलेली मी पुन्हा तिरकी बसले असते. पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते बदलले. पॅड धरणारी पकड ज्या दांड्यांवर सरकते त्या अडकल्या होत्या. त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड मला पुरतं सोडत नव्हतं. त्या साफ करून ग्रीस लावलं. मग पुन्हा तबकडी. काटा जवळजवळ गप्प.

चाक लावताना काकांनी पुढे होऊन पान्यावर पाय ठेवला. "नट मी आवळतो. पान्यावर उभा राहिलो की..."

"उतरा!" उस्ताद ओरडले. "एकेक नट जीव खाऊन आवळला की चकती तिरकी धरली जाते. आधी एक, मग समोरचा, मग त्याच्या पलीकडचा. चांदणी काढतात ना वहीत, तसं. आणि मोजून जोर देणाऱ्या पान्यानं. त्यानं टक् केलं की थांबायचं. पंक्चरवाल्यालाही तिथे उभं राहून हेच सांगा."

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि हे सगळं तळहातावर लिहून घेतलं. लिहिताना दुसऱ्या हातानं मनगट धरलं नव्हतं. त्यांच्या ध्यानात आलं नाही, लेकीच्या आलं.

उस्तादांनी शेवटची अट घातली. नव्या पॅडचा आणि माझा संसार नीट लागायचा तर मोकळ्या रस्त्यावर पंचवीस-तीस वेळा मध्यम वेगावरून ब्रेक लावायचा, पुरतं थांबायचं नाही, आणि दोन ब्रेकच्या मध्ये आम्हाला वारा लागू द्यायचा.

"तू चालव," काका लेकीला म्हणाले.

"मी? कपांची गाडी आहे ना? जाऊ दे," ती म्हणाली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. पण एक सांगते, बसल्याबरोबर तिनं दारावरची कडी घट्ट धरली. सहा महिन्यांची सवय.

पहिल्या ब्रेकला काकांचे हात थरथरले. खरंच थरथरले. माझा काही दोष नव्हता. दुसऱ्याला कमी. पाचव्याला ते म्हणाले, "अगं, काहीच होत नाहीये."

"ब्रेक लागतोय ना?"

"लागतोय."

"मग होतंय की."

दहाव्याला त्यांनी शीळ घातली. वाटेत बापलेकीचा सौदाही ठरला. दर वर्षी डोळे तपासून घ्यायचे, डॉक्टरांनी नाही म्हटलं तर त्याच दिवशी किल्ली द्यायची. त्या बदल्यात लेकीनं 'बाबा, आता पुरे' हे वाक्य बंद करायचं. "आणि उताराला खालचा गिअर," ती म्हणाली. "कपांना चार कागद जास्त गुंडाळा. त्यांना कागद चालतो, हिला नाही चालत." रविवारच्या गिऱ्हाइकाला फोनवर नाही सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

माझी जाडी आज एकवीसला थोडी कमी आहे. पुन्हा लेथवर चढायचा योग आता बहुतेक नाही. दोन-तीन वर्षं, फार तर चार, मग माझ्या जागी नवी येईल. येऊ दे. तिला नळाचं पाणी मिळणार नाही एवढी व्यवस्था झाली आहे. काका आता तळाला गाडी लावून चाकं गार होईपर्यंत गिऱ्हाइकांना फोन करतात. तुम्हाला माझं इतकंच सांगणं, की स्टेअरिंग थरथरलं तर आधी चाक उघडा. एखाद्या माणसाच्या हातून किल्ली काढून घ्यायच्या आधी निदान एकदा तरी.

त्या दिवशी आम्ही तीस वेळा ब्रेक लावला. एकोणिसाव्यानंतर शेजारच्या सीटवरून बोलणं येईना. काकांनी मान वळवून बघितलं. दारावरची कडी सुटली होती, हात मांडीवर पडला होता, आणि लेक तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. पुढचे अकरा ब्रेक आम्ही असे लावले की ती जागी झाली नाही.